जोडीचें चाक

दर महिन्यास या सदरांत आम्ही घरांतील नित्याच्या उपयोगाच्या एखाद्या यंत्राविषयीं चार गोष्टी सांगत असतों. मोटारीचा विषय मात्र आजवर टाळीत आलों. कारण मोटार बिघडली कीं ती कारागिराच्या स्वाधीन करावी आणि होईल तें बिल मुकाट्यानें द्यावें, असाच बहुतेक घरांचा शिरस्ता आहे, व आमचेंहि घर त्यास अपवाद नव्हतें. परंतु आमच्या घरच्या मोटारीनें यंदा आम्हांस एक धडा दिला. तो महाग पडला; आणि त्याचें मूळ शोधूं जातां तें इतकें क्षुल्लक निघालें कीं, तो धडा केवळ आमच्याच घरांत ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आमची मोटार सात माणसें बसतील अशी, जुन्या घडणीची, म्हणजे मागच्या चाकांस गति मिळणारी आहे. दोन वर्षांपूर्वीं गणपतीसाठीं कोंकणांत जात असतां घाट उतरल्यावर मागचा डावा टायर फुटला. स्टेपनी लावावी तर तिच्यांत हवा नाहीं. पुढील गांवांत एक टायरचें दुकान होतें, पण त्यांत आमच्या मापाचा टायर नव्हता. दुकानदार म्हणाला, “साहेब, रिम पंधराचीच आहे, बसतोय की नीट. एका नंबराचा फरक. कांहीं होत नाहीं.” आमच्या घरचा जमाखर्च आमचे वडील बंधु पाहतात. दादा म्हणाले, “फुटला एक आहे, तर घ्यावयाचाहि एकच.” उन्हें उतरलीं होतीं, आई गाडींत खोळंबली होती, आणि टायर बराच स्वस्त होता. तो बसविला. पुण्यास परतल्यावर बदलूं असें ठरलें, आणि परतल्यावर करावयाच्या म्हणून ठरलेल्या बहुतेक गोष्टींचें जें होतें तेंच याचेंहि झालें. चौदा महिने व सुमारें १८ हजार किलोमीटर ती गाडी तशीच चालली.

मागच्या बाजूनें कांहीं आवाज येतो हें प्रथम आईच्या ध्यानांत आलें, कारण मागें तीच बसते. “जातें फिरल्यासारखें वाटतें,” असें ती म्हणाली. आम्ही रस्त्यास दोष दिला. पुढें आवाज वाढला तेव्हां गाडी कारागिराकडे नेली. त्यानें मागच्या आंसाच्या मध्यभागीं जो भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, त्यांतील तेल एका थाळींत काढलें. तें काळें होतें, आणि उन्हांत धरतां त्यांत चांदीच्या वर्खासारखी चमक दिसली. ती धातूची पूड होती. त्यानें आम्हांस कांहींच विचारलें नाहीं. गाडीस एक वळसा घातला, मागच्या दोन्ही टायरांवरील अक्षरें वाकून वाचलीं, आणि म्हणाला, “तुमचीं चाकें जोडीचीं नाहींत.”

या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यास आम्हांस पुढें बरेच दिवस लागले. तो येथें क्रमानें सांगतों.

मळणीचें खळें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. तिवड्याभोंवतीं एका ओळींत बांधलेल्या बैलांपैकीं तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागीं वळतो, आणि कडेच्या बैलास मात्र लांब टांगा टाकाव्या लागतात. वळणारी प्रत्येक गाडी ही अशीच बैलांची ओळ होय. बाहेरच्या चाकास अधिक वाट चालावी लागते, आंतल्यास कमी. बैलगाडीस याची अडचण पडत नाहीं. कारण तिचा आंस स्थिर असतो व दोन्ही चाकें त्याच्या टोकांवर मोकळीं फिरतात. ओढणारे बैल पुढें. चाकांनीं फक्त मागून यावयाचें. मोटारीस पुढें बैल नाहींत. तिला पुढें नेणारें बळ चाकांतूनच जमिनीस लागावयाचें, आणि तें बळ दोन चाकांस मिळून एकाच इंजिनांतून यावयाचें. दोन्ही चाकें एकाच दांड्यास घट्ट बसविलीं तर दोघांस सारखेंच फिरावें लागेल, आणि प्रत्येक वळणावर एक चाक रस्त्यावर फरफटेल.

एकाच दांड्यावर लहानमोठीं चाकें घट्ट बसविलीं तर काय होतें, हें पाहावयास मोटारहि नको. घरांतील एक निमुळतें फुलपात्र आडवें करून फरशीवर लोटून द्यावें. तें सरळ जात नाहीं, गोल वळतें. त्याचें तोंड म्हणजे मोठें चाक आणि बूड म्हणजे लहान चाक. दोन्ही एकाच अंगाचीं असल्यामुळें एका फेऱ्यांत मोठें अधिक वाट कापतें, लहान कमी, आणि फुलपात्र बुडाच्या बाजूस वळत राहतें. मुलांस हा प्रयोग अवश्य दाखवावा. पुढील सर्व विवेचन त्यांतच आहे.

ही अडचण दूर करणारी युक्ति म्हणजे डिफरन्शिअल. पारिस येथील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीनें १८२८ सालीं वाफेच्या गाडीसाठीं तिचें पेटंट घेतलें. इंग्लंडांत कॉव्हेंट्री शहरीं जेम्स स्टार्ली यानें तीच कल्पना १८७७ सालीं तीनचाकी सायकलीस लावली. त्याची एक गोष्ट सांगतात. शेजारीं-शेजारीं बसून दोघांनीं चालवावयाची अशी एक सायकल त्यानें केली होती; तिच्यांत प्रत्येकाच्या पायाखालीं एकेक चाक. मुलाबरोबर तो फिरावयास निघाला. मुलगा तरुण, त्याचा जोर अधिक. त्याचें चाक पुढें धांवे आणि गाडी बापाच्या बाजूस वळे. शेवटीं ती दोघांसह खाजकुयलीसारख्या झुडपांत जाऊन पडली. दोघांचा जोर एके ठिकाणीं गोळा करून तो दोन्ही चाकांस सारखा वांटून द्यावा, हें स्टार्लीस तेथें सुचलें, असें म्हणतात. पुढें कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं ज्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें, तिच्यांतहि ही योजना होती. त्यानंतर मोटारींत किती बदल झाले, पण ही पेटी जवळजवळ जशीच्या तशी राहिली.

तिची रचना अशी. इंजिनाचें बळ लांब दांड्यावरून मागें येतें व एका मोठ्या दंतचक्रास फिरवितें; कारागीर त्यास क्राऊन म्हणतात. क्राऊनला एक पेटी घट्ट जोडलेली असते व ती त्याच्याबरोबर फिरते. पेटींत एक आडवी पिन, पिनेवर दोन लहान दंतचक्रें, आणि त्यांच्या दांतांत दांत अडकवून डावी-उजवीकडे आणखी दोन चक्रें बसविलेलीं असतात; त्यांपैकीं एक डाव्या चाकाच्या दांड्याचें, दुसरें उजव्या. पिनेवरील लहान चक्र हें तराजूच्या दांडीसारखें समजावें. पिन त्यास मध्यभागीं ढकलते, आणि त्याचीं दोन टोकें दोन बाजूंच्या चक्रांस सारख्याच बळानें ढकलतात. दोन्ही चाकें सारखीं चाललीं कीं ही दांडी स्थिर राहते व सर्व पेटी एकसंध गोळ्याप्रमाणें फिरते. एक चाक मंदावलें कीं दांडी कलते, म्हणजे लहान चक्र पिनेभोंवतीं फिरूं लागतें, आणि एका बाजूनें जेवढे फेरे कमी झाले तेवढेच दुसऱ्या बाजूस अधिक मिळतात. पेटीची गति नेहमीं दोन चाकांच्या गतींची सरासरी असते. बळ दोघांस समान, चाल ज्याची त्याला मोकळी: असा हा व्यवहार आहे.

येथवर सर्व सुरेख आहे. पण एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही पेटी वळणांसाठीं केलेली आहे, आणि मोटार आपल्या आयुष्यांतील बहुतेक वाट सरळ चालते. सरळ रस्त्यावर तीं लहान चक्रें पिनेवर स्वस्थ बसलेलीं असतात. म्हणूनच बहुतेक गाड्यांत त्यांना गोळ्यांचे बेअरिंग दिलेले नसतात. साधी गुळगुळीत पिन, मागें पातळ चकत्या, आणि उडून येईल तेवढें तेल, एवढ्यावरच त्यांचा निर्वाह होतो. वळण आलें कीं थोडें फिरावें आणि पुन्हा विसांवा घ्यावा, अशी त्यांची दिनचर्या ठरलेली आहे.

आतां आमच्या टायरांचें गणित पाहूं. आमच्या गाडीचें माप २०५/६५ आर १५. यांत २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ६५. ‘आर’ हें रेडियल बांधणीचें चिन्ह. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. भिंतीची उंची १३३.२५ मिलिमीटर, ती वर व खालीं मिळून २६६.५, त्यांत रिमचे ३८१ मिळविले कीं चाकाचा एकंदर व्यास ६४७.५ मिलिमीटर होतो. कोंकणांत घेतलेला टायर १९५/६५ आर १५. रिम तीच, परंतु भिंत रुंदीच्या प्रमाणांत असल्यामुळें रुंदी घटली तशी उंचीहि घटली, आणि व्यास ६३४.५ मिलिमीटर झाला. फरक अवघा १३ मिलिमीटर, म्हणजे शेंकडा दोन. दोन्ही चाकें शेजारीं उभीं केलीं तरी डोळ्यांस तो सहज दिसणार नाहीं.

परंतु मोटारीस तो प्रत्येक फेऱ्यास दिसतो. एक किलोमीटर जाण्यास मोठ्या चाकास सुमारें ४९२ फेरे लागतात, लहानास ५०२. दहा फेऱ्यांचा हा फरक कोठें तरी पडला पाहिजे. तो डिफरन्शिअलमध्यें पडतो. रस्ता बाणासारखा सरळ असला तरी लहान चक्रांस विसांवा नाहीं. हीं दोन चाकें फुलपात्राप्रमाणें एकाच दांड्यावर घट्ट असतीं, तर गाडी सुमारें ७४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत फिरत राहिली असती, आणि किलोमीटरभर चालींत तिच्या दोन पूर्ण प्रदक्षिणा होऊन वर थोडी वाट उरली असती. डिफरन्शिअल असल्यामुळें गाडी सरळ जाते. प्रदक्षिणा मात्र चुकत नाहींत, त्या पेटीच्या आंत घातल्या जातात. १८ हजार किलोमीटरांच्या हिशेबानें त्या जवळजवळ ३९ हजार झाल्या. आमच्या आजीनें पिंपळास लक्ष प्रदक्षिणा घालण्याचा नेम केला होता, पण तिनें निदान अधूनमधून ओट्यावर बसून घेतलें होतें.

कोणी म्हणेल कीं, ताशीं ८० किलोमीटर वेगानेंहि हा फरक मिनिटास तेरा फेऱ्यांहून अधिक भरत नाहीं. इतक्या मंद गतीनें काय झिजणार? आम्हीं हीच शंका कारागिरास विचारली. तो म्हणाला, मंद आहे म्हणूनच झिजतें. जलद फिरणारा दांडा आपल्याभोंवतीं तेलाचा पापुद्रा ओढून घेतो व त्यावर तरंगतो. भार मोठा व चाल मंद असली कीं पापुद्रा धरत नाहीं, आणि लोखंड लोखंडास भिडतें. आमच्या गाडींत पिनेवर चरे उमटले होते व चकत्या कागदासारख्या झाल्या होत्या; त्यांतून निघालेली पूड तेलाबरोबर बेअरिंगांत गेली, आणि आईनें ऐकलेला जात्याचा आवाज तो बेअरिंगांचा. अर्थात् सर्व दोष एका टायरच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. पेटींतील तेल आम्हीं तीन वर्षें बदललें नव्हतें, आणि सुट्टींत गाडी नेहमींच भरलेली असे. ताजें तेल असतें तर तो टायर कदाचित् आणखी बराच काळ खपून गेला असता. साधा डिफरन्शिअल हा सोशिक प्राणी आहे. शेंकडा दोनच्या विषमतेनें तो एका दिवसांत मोडत नाहीं. पण जें सोसतें तें झिजत नाहीं, असें समजण्यांतच आमची चूक झाली.

सोशिकपणाची ही सवलतहि सर्व गाड्यांस नाहीं. साध्या डिफरन्शिअलचा एक प्रसिद्ध दोष असा कीं, एक चाक चिखलांत गेलें म्हणजे तेंच गरगर फिरतें आणि कोरड्या जमिनीवरचें स्वस्थ उभें राहतें. कारण बळ दोघांस समान, आणि चिखलांतील चाक जेवढें घेऊं शकेल तेवढेंच दुसऱ्यास मिळावयाचें. हा दोष घालविण्यासाठीं कांहीं गाड्यांच्या पेटींत दोन बाजूंमध्यें घर्षणाच्या चकत्या दाबून बसविलेल्या असतात, म्हणजे एक चाक फार पुढें पळूं लागलें कीं त्या त्यास आवरतात. अशा गाडीस विषम टायर लावले कीं त्या चकत्यांस सरळ रस्ताहि वळणासारखा भासतो. त्या अखंड घासतात, तापतात, आणि झिजल्या कीं ज्या चिखलासाठीं त्या घेतल्या होत्या तेथेंच कामास येत नाहींत.

चारहि चाकांस बळ देणाऱ्या गाड्यांत हा प्रश्न याहून बिकट होतो. कारण तेथें केवळ डाव्या-उजव्यांची नव्हे, तर पुढच्या-मागच्यांचीहि जोडी जमावी लागते. जुन्या पद्धतीच्या जीपमध्यें चारचाकी दांडी टाकली कीं पुढचे व मागचे दांडे एकमेकांस घट्ट बांधले जातात, मध्यें डिफरन्शिअल नसतो. म्हणूनच ती दांडी चिखलांत, वाळूंत टाकावी, कोरड्या डांबरी रस्त्यावर नव्हे. त्यांत पुढचे व मागचे टायर लहानमोठे असले, तर तो फरक जावयास जागाच राहत नाहीं. दांडे दोरीसारखे पिळले जातात, आणि टायर घसरला तरच तो पीळ सुटतो. नव्या गाड्यांत मध्यें तेलांत बुडालेल्या चकत्यांचा क्लच असतो. पुढचीं-मागचीं चाकें विषम असलीं कीं त्या क्लचला अहोरात्र घसरावें लागतें. आणि तो जळला म्हणजे चार टायरांच्या किमतीहून दुरुस्तीची किंमत अधिक होते. एका टायरच्या काटकसरीचा सर्वांत महाग शेवट तो हाच.

उलट ज्या लहान मोटारींत बळ पुढच्या चाकांस मिळतें, आणि हल्लीं शहरांतील बहुसंख्य गाड्या तशाच आहेत, त्यांचा डिफरन्शिअल पुढें गिअरच्या पेटींतच असतो. त्यांच्या मागच्या चाकांत थोडी विषमता असली तर डिफरन्शिअलास तिची वार्ताहि नसते. म्हणून अशा गाडीची स्टेपनी जर लहान मापाची असेल, आणि कित्येक नव्या गाड्यांस ती तशीच मिळते, तर ती शक्य तों मागें लावावी. पुढचें चाक फुटल्यास मागचें चांगलें चाक पुढें आणावें व स्टेपनी त्याच्या जागीं मागें घालावी. रात्रीं पावसांत दोन वेळां जॅक लावणें जिवावर येतें. तेव्हां नाइलाजानें पुढें लावली तरी चालेल, पण तीवर लिहिलेली वेगाची मर्यादा पाळावी आणि जवळच्या दुकानापलीकडे तिला नेऊं नये. मागें लावल्यानें सर्वच निभावतें असेंहि नाहीं. ब्रेक लावतां चाक अडकूं नये म्हणून आधुनिक गाड्यांत जी योजना असते, ती चारहि चाकांच्या गति सतत ताडून पाहते. एक चाक सदा निराळें फिरत असलें कीं तिचा हिशेब चुकूं शकतो व दर्शनी फलकावर इशाऱ्याचा दिवा लागतो. तो दिवा खोटा नसतो.

स्टेपनी हा शब्दहि येथें सांगण्याजोगा आहे. वेल्समधील लानेल्ली गांवच्या स्टेपनी रस्त्यावरील एका दुकानांत १९०४ सालीं जादा चाकाची कल्पना निघाली, आणि त्या रस्त्याचें नांव आपल्याकडे कायमचें चिकटलें. प्रथमपासून तें चाक वाट काढण्यापुरतें होतें, संसार करण्यापुरतें नव्हे.

आतां वाचकांच्या उपयोगासाठीं आम्ही स्वतः काय करूं लागलों तें सांगतों. पहिली गोष्ट ही कीं, केवळ रिमचा आंकडा पाहून टायर घेऊं नये. रिम तीच असूनहि चाक लहान होऊं शकतें हें वर आलेंच. उलट रिम निराळी असूनहि चाक तेंच राहूं शकतें. १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, आणि १९५/५५ आर १६ चा ६२०.९, रिममध्यें एका इंचाचा फरक, आणि व्यासांत एक मिलिमीटरहि नाहीं. अर्थात् म्हणून एका आंसावर हे दोन मिसळावे असें नव्हे. रुंदी निराळी असल्यानें रस्त्यावरची पकड निराळी होते. पण कोणता आंकडा डिफरन्शिअलास बोंचतो हें त्यावरून कळावें.

दुसरी गोष्ट झिजेची. माप तेंच असलें तरी नवा टायर व जुना टायर हे जोडीचे नव्हेत. नव्या टायरचे खांचे सुमारें आठ मिलिमीटर खोल असतात; जुन्याचे दोन उरले असले तर व्यासांत बारा मिलिमीटरांचा फरक पडला, म्हणजे जवळजवळ आमच्याच टायरइतका. रेडियल टायरच्या पोटांत पोलादी पट्टा असतो, त्याची लांबी झिजेनें बदलत नाहीं, म्हणून प्रत्यक्ष चालींत हा फरक कांहींसा कमी भरतो. पण तो नाहींसा होत नाहीं. सबब टायर एका आंसावर जोडीनेंच बदलावे, एकाच कंपनीचे व एकाच बनावटीचे घ्यावे, आणि ज्यांची गाडी चारहि चाकांनीं ओढते त्यांनीं आपल्या गाडीच्या पुस्तकांत किती फरक चालतो तें पाहून प्रसंगीं चारहि बदलावे. पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर तिलाहि टायरांच्या आलटापालटींत पाळी द्यावी, म्हणजे पांचहि सारखे झिजतात आणि अडचणीच्या वेळीं जोडीदार घरांतच मिळतो.

तिसरी गोष्ट मोजणीची, आणि ती घरांतील कोणीहि करूं शकेल. गाडी सपाट जागीं उभी करावी, चारहि टायरांत नेमून दिलेली हवा भरावी. टायर जेथें जमिनीस टेकतो तेथें टायरवर व फरशीवर खडूनें खूण करावी. गाडी हळूहळू सरळ पुढें ढकलून टायरवरची खूण पुन्हा जमिनीस टेकली कीं तेथें दुसरी खूण करावी, आणि दोन खुणांमधील अंतर शिंप्याच्या फितीनें मोजावें. तेंच त्या चाकाचें खरें पाऊल. दोन बाजूंचीं पाउलें बोटभर चुकलीं तर कारण शोधावें. आमच्या टायरांचीं गणितानें निघणारीं पाउलें २,०३४ आणि १,९९३ मिलिमीटर. चार सेंटिमीटरांचा हा फरक चौदा महिन्यांत केव्हांहि एका सकाळीं आम्हांस दिसला असता.

चौथी गोष्ट तेलाची. डिफरन्शिअलचें तेल हें घरांतील अशा वडील माणसांसारखें आहे, ज्यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, कारण तीं कधीं मागत नाहींत. गाडीच्या पुस्तकांत जी मुदत दिली असेल त्या मुदतीस तें बदलावें. आणि काढलेलें तेल फेंकण्यापूर्वीं उजेडांत पाहावें. थोडीशी करडी पूड स्वाभाविक आहे. चमकणारे कण दिसले तर आंत कोणी तरी झिजत आहे.

या प्रकरणांत घरांत कोणी कोणास दोष दिला नाहीं, हें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण अशा वेळीं तसें होण्याचा संभव फार असतो. दादांनीं त्या दिवशीं काटकसर केली ती स्वतःसाठीं नव्हे. एक फुटला तर एक घ्यावा, हा त्यांचा न्याय वाटींत, पेल्यांत, कंदिलाच्या कांचेंत आजवर खरा ठरला होता. त्यांत चूक एवढीच कीं, कांहीं वस्तु एकेकट्या नसतात. त्यांतील एक मोडली म्हणजे जोडी मोडते, आणि उरलेल्या चांगल्या वस्तूचीहि किंमत आपण नव्यानें करावी लागते. डिफरन्शिअलनें दोन चाकांतील भेद सोसावा म्हणून त्याची योजना झाली हें खरें. पण तो भेद वळणापुरता होता. वळण संपल्यावरहि तोच भेद त्याच्या माथीं कायम ठेवणें हा त्याच्यावर जुलूम होय, आणि आम्हीं तो चौदा महिने न कळत केला.

दुरुस्तीचें बिल दादांनीं स्वतःच वहींत उतरविलें. त्याखालीं मागच्या आंसासाठीं घेतलेल्या नव्या टायरांची नोंद आहे. वहीच्या मागच्या वर्षांच्या पानांवर ‘टायर, नग १’ अशा चारदोन नोंदी आढळतात. ही मात्र ‘टायर, जोडी १’ अशी आहे.